एका संकेतस्थळाचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळांसाठी, आणि फार तर जुन्या वाड्यांसाठी, राखून ठेवला आहे. विटा ढासळाव्यात, तुळयांना वाळवी लागावी आणि मग चार जाणत्यांनी वर्गणी काढून नवे बांधकाम करावे, असे त्याचे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. परंतु जिला ना वीट ना तुळई, जिला ऊन लागत नाही की पाऊस, अशी वस्तूही वीस-पंचवीस वर्षांत जीर्ण होते, असे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. ही वस्तू म्हणजे संकेतस्थळ. माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर वह्यांतून लिहून ठेवलेल्या गावच्या आठवणी मी 2001 साली महाजालावर ठेवल्या होत्या. विहीर, पार, शाळा, पहिली मोटार, अशी चाळीस प्रकरणे. गेल्या वर्षी त्या स्थळाची पायापासून पुनर्बांधणी केली. ते काम करता करता, पान कसे लिहावे याचे नियम मुळात कोणी आणि का ठरवले, हा प्रश्न मनात आला, आणि त्याच्या पोटात एक मोठा मनोरंजक इतिहास दडलेला दिसला.

या इतिहासाचा आरंभ स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या अणुसंशोधन संस्थेत होतो. तेथे काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थाने मार्च 1989 मध्ये आपल्या वरिष्ठांपुढे एक प्रस्ताव ठेवला. संस्थेत देशोदेशीचे शास्त्रज्ञ येत, प्रत्येकाचा संगणक वेगळा, आणि एकाची कागदपत्रे दुसऱ्याला वाचता येत नसत. तेव्हा कोणत्याही संगणकावर वाचता येतील आणि एकमेकांना जोडलेली असतील अशी पाने तयार करावीत, एवढीच कल्पना. वरिष्ठांनी कागदावर ‘संदिग्ध, पण रोमहर्षक’ असा शेरा मारला. साहेबलोकांच्या शेऱ्यांनी पुष्कळ कल्पना मारल्या आहेत. हा शेरा मात्र तारक ठरला. 1990 अखेर पहिले पान उभे राहिले, आणि 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने हे सारे तंत्र जगाला विनामूल्य बहाल केले.

पानाची भाषा अगदी साधी होती. तिचे नाव एचटीएमएल. लेखकाने मजकुराला खुणा करायच्या: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा दुसऱ्या पानाचा दुवा. शीर्षक किती मोठे दिसावे, कोणत्या रंगाचे असावे, याविषयी ती भाषा मौन पाळी. हस्तलिखितात लेखक ‘नवे प्रकरण’ एवढेच लिहितो आणि टंकाचा आकार छापखाना ठरवतो, तसाच हा प्रकार. दाखवण्याचे काम ब्राउझर नावाच्या उपकरणाचे.

शास्त्रज्ञांना हे पुरेसे होते, पण जग शास्त्रज्ञांचे नाही. 1993 साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात ‘मोझेक’ हा ब्राउझर तयार झाला. त्याने पानात चित्रे आणली, आणि पाहता पाहता दुकानदार, वृत्तपत्रे, हौशी मंडळी सारेच या नव्या पेठेत शिरले. प्रत्येकाला आपले पान देखणे हवे. 1994 साली नेटस्केप आणि 1995 साली मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर मैदानात उतरले, आणि मग सुरू झाले ते युद्ध. एकाने अक्षरे लुकलुकवणारी खूण काढली, तर दुसऱ्याने अक्षरे आगगाडीसारखी धावती केली. ज्याच्या त्याच्या खुणा त्याच्याच घरी चालत. त्या काळच्या पानांच्या तळाशी ‘हे पान अमुक ब्राउझरमध्येच उत्तम दिसेल’ अशा पाट्या असत. वाचकांनी क्षणभर कल्पना करावी, की या दिवाळी अंकावर ‘अमुक दुकानातला चष्मा लावला तरच वाचता येईल’ असे छापले आहे!

मांडणीसाठी कारागिरांनी आणखी एक युक्ती शोधली. आकडे मांडण्यासाठी भाषेत कोष्टकाची सोय होती. त्याच्या रेघा अदृश्य केल्या, की पानाचे हवे तसे खण पाडता येत. डाव्या खणात अनुक्रमणिका, उजवीकडे मजकूर, मध्ये मोकळी जागा राखायला डोळ्याला न दिसणारे, एका ठिपक्याएवढे चित्र. डेव्हिड सीगल यांच्या 1996 च्या पुस्तकाने ही विद्या घरोघर नेली. आमचे स्थळही त्याच रीतीने बांधलेले होते; 2001 साली सर्व ब्राउझरांत सारखे दिसणारे पान करायला दुसरी वाट जवळजवळ नव्हतीच. पण पंचांगाच्या कोष्टकात कादंबरी छापावी, तसे ते काम होते. कोष्टकात कोष्टक, त्यात आणखी कोष्टक, आणि त्या सातव्या खणात कोठेतरी माझ्या वडिलांची विहीर.

या गोंधळावर उपाय सुचला तोही सर्नमध्येच. हाकोन व्हियुम ली या नॉर्वेच्या तरुणाने ऑक्टोबर 1994 मध्ये असे सुचवले, की मजकूर एका ठिकाणी असावा आणि त्याचे रूप दुसऱ्या ठिकाणी लिहावे. नेदरलँड्सचे बर्ट बॉस त्याला येऊन मिळाले, आणि ‘सीएसएस’ ही रूपाची स्वतंत्र भाषा जन्माला आली. त्याच महिन्यात बर्नर्स-ली यांनी अमेरिकेत ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम’ ही मंडळी स्थापली. या मंडळाने 17 डिसेंबर 1996 रोजी सीएसएसला मान्यता दिली. तथापि मंडळाच्या हाती दंडुका नव्हता. ते नियम सुचवी. पाळायचे की नाही हे ब्राउझरवाल्यांच्या मर्जीवर. अखेर 1998 साली जेफ्री झेल्डमन, ग्लेन डेव्हिस, जॉर्ज ओल्सन यांच्या पुढाकाराने काही कारागीरच एकत्र आले आणि त्यांनी ‘वेब स्टँडर्ड्‌स प्रोजेक्ट’ नावाची चळवळ उभारली. मागणी एकच: नियम झालेले आहेत, ते सर्वांनी सारखे पाळा.

पण मग जुन्या रीतीने बांधलेल्या लक्षावधी पानांचे काय करायचे? यावरची तोड मला फार आवडली. पानाच्या अगदी पहिल्या ओळीत ‘हे पान नव्या नियमांचे आहे’ असे जाहीर करायचे. ती ओळ दिसली की ब्राउझर नियमाने वागेल. नसली तर पान जुन्या वळणाचे समजून जुन्या समजुतीने दाखवील. 2000 साली मॅकिंटॉश संगणकासाठी निघालेल्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ही सोय आली.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नकोच. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे चौदा नियम केले, 1972 साली त्यांत चारांची भर घातली, आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार आपल्या लेखनातून गेले. म्हणून ‘नाहीं’, ‘कां’ असे छापलेली आजोबांची पुस्तके कोणी रद्दीत घातली नाहीत. पहिल्या दोन ओळींतच डोळा ओळखतो, की हे जुने वळण आहे, आणि त्या बेताने पुढे वाचतो. नियम नवा करावा, पण जुने लेखन वाचण्याची ताकद गमावू नये, हे शहाणपण दोन्हीकडे सारखेच.

रूप आणि मजकूर वेगळे केल्याने काय साधते, हे पटवले ते कॅनडातल्या डेव्ह शे या तरुणाने. मे 2003 मध्ये त्याने ‘सीएसएस झेन गार्डन’ नावाचे एक पान मांडले आणि जगभरच्या कलावंतांना आवाहन केले: मजकुराच्या खुणांना हात लावू नका, केवळ रूपाची फाइल बदला. तोच मजकूर कोणी जपानी बागेत नेला, कोणी समुद्रतळाशी, कोणी जुन्या भित्तिपत्रकावर. एकच अभंग दहा गवयांनी दहा रागांत गावा, तशी ती मौज. पुढे हातातल्या फोनवर महाजाल आले. 2010 साली ईथन मार्कोट यांनी पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप बसणाऱ्या पानाची रीत मांडली, आणि 28 ऑक्टोबर 2014 रोजी एचटीएमएल भाषेची पाचवी आवृत्ती प्रमाण ठरली. नियम करणाऱ्यांत मध्यंतरी फूटही पडली. पण 2019 साली समेट होऊन एकच जिवंत नियमावली ठेवण्याचे ठरले.

आता आमच्या घराकडे वळतो. कोष्टके काढून टाकणे हे काम आठवडाभराचे होते. खरी कसोटी लागली ती अक्षरांची. 2001 साली बहुतेक घरगुती संगणकांवर देवनागरीची सोय नव्हती. म्हणून त्या काळच्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या असत. संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजीच. फक्त मुखवटा मराठी. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तो मुखवटा गळून पडे आणि पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांचा सडा पडे. वास्तविक युनिकोड या जागतिक वर्णसंकेतात देवनागरीला 1991 सालच्या पहिल्या आवृत्तीतच स्थान मिळाले होते, आणि विंडोज 2000 बरोबर आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट तर आपले सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्याच हातचा. पण या गोष्टी घरोघर पोचायला आणखी वर्षे गेली.

जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर नेताना भाषेचे एक मर्म कळते. ‘किती’ लिहिताना पहिली वेलांटी ‘क’च्या आधी दिसते, म्हणून जुना फॉन्ट ती आधी साठवी. युनिकोड मात्र ‘क’ आधी ठेवतो आणि वेलांटी नंतर, कारण आपण बोलतो तसेच. ‘सूर्य’ मधला रफार दिसतो ‘य’च्या डोक्यावर, पण ऐकू येतो त्याच्या आधी, म्हणून त्याचीही जागा आधी. शाई कोठे पडते हे जुन्याने पाहिले, आवाज कसा निघतो हे नव्याने. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला आपला खास मराठी रकार प्रत्येक ठिकाणी हाताने तपासावा लागला. ‘ॲ’ या अक्षराला तर स्वतःची जागा 2008 साली मिळाली. चाळीस प्रकरणे मी ओळीन् ओळ वाचली. त्या निमित्ताने वडिलांचा सहवास पुन्हा घडला, हा वरचा लाभ.

या खटाटोपाचे कारण माझी आत्या. ती शहाऐंशी वर्षांची आहे आणि काचबिंदूने तिची दृष्टी गेली आहे. भाच्याने दिलेला फोन तिला मोठ्याने वाचून दाखवतो. जुने पान त्याने वाचले तेव्हा बिचारा रोमन अक्षरांच्या नावांचा पाढा म्हणत बसला होता. मुखवट्यामागचा चेहरा त्याला कसा दिसावा? नव्या पानात मजकूर खरा मराठी आहे, पान मराठीत आहे हे आरंभीच सांगितलेले आहे, शीर्षकाला शीर्षक म्हटले आहे. आंधळ्या वाचकांसाठी पाने कशी लिहावीत, याची सूत्रे मंडळाने 1999 सालीच दिली होती.

विहिरीचे प्रकरण फोनने थोड्या यांत्रिक आवाजात वाचायला घेतले. आत्या मान खाली घालून ऐकत होती. मधेच तिने हात वर केला.

“थांबव रे. दादाने चुकीचं लिहिलंय. विहिरीवर चिंच नव्हती, कवठ होतं. चिंच शाळेपाशी.”

मी वडिलांच्या मजकुराला हात लावला नाही. खाली आत्याची टीप म्हणून ते घातले. मग तिने सबंध दुपारभर एकेक प्रकरण ऐकले, आणि टिपा सात झाल्या.

मानके, नियम, प्रमाण ही नावे ऐकली की आपल्याला सरकारी कचेरीचा वास येतो. पण नियम म्हणजे ओळख नसलेल्या माणसाला दिलेला शब्द आहे. पान लिहिणारा म्हणतो, तू कोण आहेस, तुझ्या हातात कोणते यंत्र आहे, तुला दिसते की फक्त ऐकू येते, हे मला ठाऊक नाही. पण मी ठरल्या रीतीने लिहीन, तू ठरल्या रीतीने वाच. जिनिव्हातल्या त्या पहिल्या प्रस्तावाचा हेतू याहून वेगळा नव्हता. पणती लावणारा तिच्यात तेल-वात नीट घालतो. उजेड कोणाच्या वाटेवर पडेल याची यादी तो करीत नाही.