'आकाश' : हातातील पाटी आणि हवेतील लहरी

मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे गाव पूर्वी म्हातोबाच्या बगाडासाठी पंचक्रोशीत ओळखले जाई. आज त्याच गावच्या शिवारात औद्योगिक विकास महामंडळाने वसविलेले राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान पसरले आहे, आणि त्यातील कचेऱ्यांतून देशोदेशींच्या यंत्रांसाठी आज्ञावली लिहिल्या जातात. अशा ठिकाणी हातात मावणाऱ्या संगणकाचे कोणास नवल वाटणार नाही. तथापि आपल्याच सरकारने आपल्याच विद्यार्थ्यांसाठी असा एक संगणक काढला होता व त्याचे नाव 'आकाश' असे ठेविले होते, ही गोष्ट आता विस्मरणात चालली आहे. त्या यंत्राचे गुण कोणते, दोष कोणते, आणि त्याची वाटचाल अर्ध्यावर का थांबली, याचा विचार आजच्या भाषणात करण्याचे योजिले आहे.

२२ जुलै २०१० रोजी त्या वेळचे मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत एका यंत्राचा नमुना लोकांपुढे ठेविला. पस्तीस डॉलर, म्हणजे सुमारे दीड हजार रुपये, एवढ्या किमतीत ते देता येईल अशी आशा त्यांनी दाखविली. पुढे राजस्थानच्या आय. आय. टी.कडे हे काम सोपविण्यात आले, डेटाविंड नावाच्या कंपनीस पुरवठ्याचा मक्ता मिळाला, आणि ५ ऑक्टोबर २०११ रोजी 'आकाश' प्रत्यक्ष विद्यार्थ्यांच्या हाती पडले. सरकारास ते कर धरून २,२७६ रुपयांस पडले. त्याच वर्षाच्या आरंभी आपल्या बाजारात आलेल्या आयपॅडची किंमत २७,९०० रुपयांपासून पुढे होती, हे लक्षात घेतले म्हणजे या स्वस्ताईचे मोल कळेल.

यंत्र कसे होते? सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा मंद चालीचा प्रक्रियक, २५६ मेगाबाईट स्मृती, अँड्रॉईडची २.२ ही आवृत्ती, आणि महाजालाशी जोडण्यास वायफाय. दूरध्वनीची सोय त्यात नव्हती. गाणे ऐकावे, चित्रफीत पाहावी, पुस्तक वाचावे, लहरी मिळाल्यास महाजालावर फिरावे, एवढे त्याचे काम. त्याला यूएसबीची दोन पूर्ण आकाराची तोंडे होती. त्यांत पेनड्राइव्ह लावता येई, कळफलक जोडता येई. बारापट किमतीच्या आयपॅडलाही ही सोय नव्हती. आमच्यासारख्या फळ्यापुढे आयुष्य घालविलेल्या मनुष्यास हा गुण सर्वांत मोठा वाटतो, कारण धडा एकाच्या पाटीवरून दुसऱ्याच्या पाटीवर उतरवून घेता येणे, यातच शाळेचे अर्धे मर्म आहे. इंग्रजीतील 'टॅब्लेट' या शब्दाचा अर्थही मुळात पाटी असाच आहे.

दोषही तितकेच ठळक होते. पडदा बोटाच्या नुसत्या स्पर्शाने चालत नसे, तो दाबाने चालणारा होता, आणि दाबूनही कधी उत्तर येई, कधी येत नसे. विजेरी दोन-तीन तासांतच थके. चाल इतकी धीमी, की चित्रफीत अडखळत चाले. अँड्रॉईडच्या त्या काळच्या मूळ आवृत्तीत देवनागरी अक्षरे नीट दाखविण्याची सोय नव्हती, ती पुढच्या आवृत्त्यांतून हळूहळू आली. म्हणजे मराठी शाळेतून आलेल्या मुलाच्या हातात सरकारी पाटी पडली, परंतु तिच्यावर त्याचीच अक्षरे उमटेनात! या दोषाची चर्चा वृत्तपत्रांतून पडद्याच्या दोषापेक्षा कमी झाली. माझ्या मते ती अधिक व्हावयास हवी होती.

पुढे यंत्राच्या कसोट्यांवरून राजस्थानची संस्था व कंपनी यांच्यात वाद झाला आणि २०१२ साली हे काम मुंबईस, पवईच्या आय. आय. टी.कडे आले. येथून या इतिहासातील चांगले प्रकरण सुरू होते. प्राध्यापक दीपक फाटक यांच्या पुढाकाराने यंत्राची सुधारलेली आवृत्ती सिद्ध झाली, आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ती प्रकाशात आली. स्पर्श ओळखणारा पडदा, एक गिगाहर्ट्झचा प्रक्रियक, दुप्पट स्मृती आणि किंमत जवळजवळ तीच. विद्यार्थ्यास ती सवलतीने १,१३० रुपयांस मिळावयाची होती. यंत्राचे भाग चीनमधून येतात, मग यात स्वदेशी ते काय, असा गलबला त्याच महिन्यात उठला. तो अगदी निराधार नव्हता. परंतु पवईच्या मंडळींनी भर दिला तो यंत्राच्या सांगाड्यावर नव्हे, तर त्यात घालावयाच्या विद्येवर. सी, पायथॉन, सायलॅब यांतील आज्ञावली त्या चिमुकल्या पाटीवरच लिहून चालविता याव्यात अशी व्यवस्था त्यांनी केली. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' योजनेतील सुमारे दहा-दहा मिनिटांचे बोलके पाठ तर महाजालाची जोड नसतानाही चालावेत अशाच बेताने रचलेले होते, आणि त्यांतील कित्येकांचे निवेदन मराठीतही होते. रेडिओवरील भाषण जसे शिक्षक समोर नसता ऐकून समजावे लागते, तसेच हे पाठ होते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. वायफाय म्हणजे अखेर रेडिओच. फरक लहरींच्या लांबीचा व शक्तीचा. आपल्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांबीच्या असतात, वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी अवघी साडेबारा सेंटिमीटर. अल्प शक्तीची ही लहर एकदोन भिंती ओलांडताच क्षीण होते. ऐंशीच्या दशकापर्यंत घरी रेडिओ ठेवावयाचा तर टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे, हे श्रोत्यांपैकी वडील मंडळींस आठवत असेल. वायफायला ती कटकट उरली नाही. जानेवारी २००५ मध्ये सरकारने हा लहरींचा पट्टा परवान्यावाचून खुला केला. परंतु परवाना नको म्हणून लहर घरोघर आपोआप येत नाही. ती सोडणारे यंत्र कोणीतरी बसवावे लागते, आणि त्याच्या मागे महाजालाची तार लागते. 'आकाश' हिंजवडीच्या एखाद्या कचेरीत ठेविले असते तर ते भरभर बोलले असते. तेच मुळशीच्या आतल्या एखाद्या वाडीवर नेले असते, तर त्याच्या पोटात आधी भरून ठेविलेले असेल तेवढेच ते सांगू शकले असते. विद्यार्थ्यास पाटी मिळाली ती महाविद्यालयात, आणि लहरही महाविद्यालयाच्या आवारापुरती. रात्री अभ्यासास बसावयाचे ते घर दोन्ही बाजूंनी कोरडे.

याचा आरसा आपल्याच इतिहासात आहे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र उघडले. केंद्र उत्तम होते, पण ग्रहणसंच महाग आणि वर दहा रुपये वार्षिक परवाना! त्या परवान्यांच्या उत्पन्नावर भिस्त ठेविलेली ती कंपनी १९३० च्या मार्चमध्ये बुडाली, तेव्हा साऱ्या देशातील परवाने आठ हजारांच्या आतच होते. तेथे लहरी होत्या, पाट्या नव्हत्या. 'आकाश'च्या वेळी पाट्या वाटल्या गेल्या, लहरींची तजवीज राहून गेली. पंच्याऐंशी वर्षांच्या अंतराने तीच चूक उलट्या बाजूने झाली.

दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे काय होते, हेही पुण्यानेच दाखविले आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापिली. गावास संच दिला, वीस कार्यक्रम ठरावीक वेळी लाविले, आणि ऐकल्यावर मंडळाने चर्चा करून आपल्या शंका केंद्राकडे पाठवाव्यात अशी योजना केली. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ यांनी त्याची तपासणी केली, आणि ज्या गावांत मंडळे नव्हती त्यांच्याशी तुलना करता मंडळांतील शेतकऱ्यांचे ज्ञान पुष्कळ वाढल्याचे त्यांस आढळले. संच, लहर आणि चर्चेस बसणारी माणसे अशा तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या.

'आकाश'ची एक लाख यंत्रे घेऊन झाल्यावर ती योजना मार्च २०१५ मध्ये मिटली. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओच्या स्वस्त सेवेमुळे भ्रमणध्वनीच्या लहरींवरून महाजाल सर्वत्र परवडू लागले, आणि नुसत्या वायफायवर चालणाऱ्या पाटीची गरजच ओसरली. तरीही २०२० साली कोरोनाच्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा कोकणातील काही मुलांस हातात भ्रमणध्वनी असूनही लहर गाठण्यासाठी डोंगर चढून जावे लागले. त्याच वर्षी नागपूर आकाशवाणीवरून 'शाळेबाहेरची शाळा' हा कार्यक्रम सुरू झाला, आणि विदर्भातील मुले घरातल्या रेडिओभोवती बसून पाठ ऐकू लागली.