न्हाणीघराची बखर

परवा बुटीबोरीच्या बाजारात एका विशीतल्या पोरानं मला निरुत्तर केलं. मी दुकानात शिरून फक्त एवढंच म्हटलं होतं की, मला एक शाम्पू दे.

"कोणत्या केसांसाठी पायजे, आजी?"

"माझ्याच. दुसऱ्याच्या केसांवर मी कशाला पैसे घालू?"

"तसं नाही जी. टाइप कोणता? ड्राय, ऑयली, नॉर्मल, डॅमेज, कलर केलेला... सारे टाइप आहेत आपल्याकडं."

मी पदर सारखा करीत म्हटलं, "पांढरा."

बिचारा खरोखरच फळीवर शोधायला लागला. त्याच्या मागं बाटल्यांची पलटण उभी होती आणि प्रत्येक बाटलीवर एकेक बाई मान वळवून माझ्याकडं पाहून राहिली होती. मी "उद्या येते" म्हणून काढता पाय घेतला. पण रस्ताभर मनात एकच. सत्तर वर्षं ही शेती मी डोक्यावर वागवली, आणि जमिनीचा प्रकार कोणता हे मला ठाऊक नाही! केसांचं लग्नासारखंच होतं आमच्या पिढीचं. पदरी पडले आणि पवित्र झाले.

तर वाचकहो, त्या दुकानदार पोराला द्यायचं उत्तर शोधता शोधता मी जी बखर जमवली, ती ही.

बुटीबोरी आज तुम्हांला ठाऊक असेल ती एमआयडीसीमुळं. नागपूरहून वर्धा रोडनं तीसेक किलोमीटर. माझ्या लहानपणी, १९६० च्या सुमाराला, आमची बोरी म्हणजे एक स्टेशन आणि भोवती काळीभोर जमीन. त्या जमिनीतल्या आमच्या विहिरीचं पाणी जड. इतकं जड, की तुरीची डाळ चुलीवर तासभर आदळआपट करी, पण शिजत म्हणून नसे. डाळीला जे पाणी दाद देत नाही ते डोक्याला काय देणार?

पण आमच्या घरी आजी होती. रविवारी सकाळी न्हाणीत तिचं राज्य. आदल्या रात्री शिकेकाई, रिठा आणि आवळकाठी लोखंडी कढईत भिजत पडायची. पुडीत नागरमोथा, गव्हला-कचोरा. आणि नागपूरच्या जवळ राहून संत्र्याची साल वाळवली नाही तर पाप लागतं, म्हणून तीही. आम्ही चार पोरी रांगेनं पाटावर. आजीची बोटं डोक्यात फिरायला लागली की झोप यायची आणि शिकेकाईचा एक थेंब डोळ्यात गेला की अख्खी बोरी जागी व्हायची. शेवटी लिंबू पिळलेल्या पाण्याचा तांब्या. "गप बस पोरी, केस मऊ होतात त्यानं." का होतात, ते ती सांगत नसे. तिलाही ते कुणी सांगितलं नव्हतं.

एकदा मुंबईच्या मावशीनं खोक्यातून सुवासिक साबण पाठवला. माझी मावसबहीण त्यानंच डोकं धुई आणि तिचे केस म्हणे रेशमासारखे होते. मी आजीची नजर चुकवून तोच साबण डोक्याला चोळला. दुपारी केस वाळले तेव्हा डोक्यावर ताग उगवला होता. फणी आत गेली ती बाहेर येईना. मी रडून रडून घर डोक्यावर घेतलं आणि सारा दोष साबणाच्या माथी मारला.

दोष साबणाचा नव्हता, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाची त्यांच्याशी गाठ पडली की न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. शिवाय साबण अल्कलीचा. त्यानं केसांवरचे बारीक खवले उघडतात आणि एकमेकांत अडकतात. शिकेकाई-रिठ्यात फेस आणणारं द्रव्य असतं सॅपोनिन. त्याचं जड पाण्याशी भांडण नाही. आणि लिंबाच्या आंबटानं उघडलेले खवले पुन्हा मिटतात. म्हणजे साबण तोच, केसही सख्ख्या मावसबहिणींचे. फक्त पाणी एकीचं मुंबईच्या तलावाचं आणि दुसरीचं बोरीच्या विहिरीचं. आजीचा नुस्का बोरीच्या पाण्यासाठी बेतलेला होता. रसायनशास्त्राचा धडा न वाचता ती त्यात पास झाली होती.

आता या शाम्पूची कुळकथा ऐका. साहेबाचा माल समजून आपण तो कौतुकानं घेतो; पण शब्द आपल्याच मुलखातला, चांपणे म्हणजे दाबणे, यातून निघालेला. 'प्यासा'त जॉनी वॉकर जी करीत हिंडतो तीच चंपी. १७५९ साली पाटण्यात जन्मलेले शेख दीन महंमद नावाचे गृहस्थ इंग्लंडात गेले आणि १८१४ च्या सुमारास ब्रायटनला त्यांनी वाफेचं स्नान आणि चंपीचा धंदा काढला. तो इतका गाजला, की चौथ्या जॉर्ज राजानं त्यांना आपले 'शाम्पूइंग सर्जन' नेमलं. पाटण्याचा चंपीवाला राजाचा सर्जन! अंग रगडायचा तो शब्द पुढं डोकं धुण्यावर येऊन थांबला. १९०३ साली बर्लिनच्या हान्स श्वार्त्सकोफनं शाम्पूची पूड विकायला काढली, १९३४ मध्ये अमेरिकेत साबणाऐवजी कृत्रिम डिटर्जंटचा 'ड्रीन' आला, आणि १९६४ साली 'सनसिल्क' आपल्याकडं पोचला. आमच्या वऱ्हाड-नागपूरच्या कापसाचंही असंच झालं होतं. इथून गाठोडं गेलं, तिकडून कापड आलं. इथून चंपी गेली, तिकडून बाटली आली.

बाटली परवडेना, तेव्हा पुडी आली. कडलूरचे चिन्नी कृष्णन हे पुड्यांचे खटपटे. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली पंधरा हजार रुपयांच्या भांडवलावर 'चिक' शाम्पूची पुडी काढली. नाव वडिलांच्या आद्याक्षरांवरून. त्या पुडीनं एक मोठी गोष्ट केली. अख्ख्या बाटलीला पैसे घालायची ऐपत नसलेल्या बाईलाही, हा घेऊन पाहू, नाही मानवला तर दुसरा, असं म्हणता येऊ लागलं.

तेलाची कथा आणखी गमतीची. आमच्याकडं नारळ देवळात दिसायचा, झाडावर नाही. खोबरेल दुरून यायचं आणि डिसेंबरात डब्यात दगड व्हायचं, कारण चोवीस अंशांखाली ते गोठतं. मग आम्ही डबा उन्हात ठेवायचो आणि कावळ्यांवर पहारा करायचो. पत्र्याचा डबा जाऊन प्लॅस्टिकची बाटली यायची वेळ आली, तेव्हाची हकीगत 'पॅराशूट'वाले हर्ष मारीवाला यांनी सांगितली आहे. कुणीतरी आधी चौकोनी बाटली काढून पाहिली होती, ती उंदरांनी कुरतडली. म्हणून यांनी गोल बाटली केली, दाताला कोपराच सापडू नये. आणि ती उंदरांपुढं ठेवून परीक्षाही घेतली. बघा, उंदरांचंही मत विचारलं गेलं! पुढं २००३ साली आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी शोधनिबंधात दाखवलं, की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाला ते साधत नाही. न्हायच्या आदल्या रात्री आजी तेल थापायची ते उगीच नव्हतं.

आजी, आजी म्हणून राहिले. पण तिच्याबद्दलची एक गोष्ट सांगायची टाळते आहे. आम्हां चौघींचे केस धुणाऱ्या आजीला स्वतःला केस नव्हते. बाविसाव्या वर्षी, १९२५ च्या आसपास, आजोबा गेले आणि परसदारी न्हावी आला. तेव्हापासून लाल अलवण आणि कपाळापर्यंत पदर. मी सातेक वर्षांची असताना विचारलं होतं, "आजी, तुझं न्हाणं केव्हा असतं?" ती हसून म्हणाली, "माझं काय गं, तांब्याभर पाण्यात आटपतं." मला त्या वेळी तिचा हेवा वाटला होता. डोळ्यात शिकेकाई जायची भीती नाही!

मुंबईत १८९० सालीच, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं, न्हाव्यांनी सभा भरवून ठरवलं होतं, की विधवांचे केस आम्ही उतरवणार नाही. ज्यांच्या हातात वस्तरा होता, त्यांनाच प्रथम लाज वाटली. रेल्वे तर नागपूरला १८६७ सालीच पोचली होती. पण मुंबईच्या त्या ठरावाला पस्तीस वर्षांत बोरीचं तिकीट मिळालं नाही.

१९६८ साली आजी गेली. तिच्या ट्रंकेत तळाशी फणेरपेटी निघाली, आत शिसवी फणी. त्रेचाळीस वर्षं ती जपून ठेवलेली होती. आई ती हातात घेऊन बराच वेळ बसली आणि मग काही न बोलता तिनं आम्हां चौघींच्या वेण्या घातल्या. त्या दिवशी कुणीच ओरडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या दुकानात गेले.

"ऐक रे बाबा," मी म्हटलं, "टाइप लिहून घे. डोकं कोरडं, शेंडे त्याहून कोरडे, केस विरळ, पाणी बोरीचं जड, आणि मालकीण मी स्वतः."

पोरानं दोन-तीन बाटल्या उलटसुलट वाचल्या, क्षारांना धरून ठेवणारं ईडीटीए कशात आहे ते माझ्या सांगण्यावरून शोधलं, आणि एक पुडी पुढं सरकवली. "आजी, एकदम बाटली कायले घेता? महिनाभर हे घेऊन पाहा न. डोक्याला मानवलं तं ठीक, नाही तं दुसरं घेऊ."

साधंच बोलला पोरगा. त्याला काय ठाऊक, की आमच्या घरात हे वाक्य कुणी शंभर वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं.

मी दोन पुड्या घेतल्या.