आपल्याच गाडीचे आपण चोर: मालक आणि गॅरेजच्या भांडणाचा दीडशे वर्षांचा इतिहास

(पोस्ट मोठी आहे. घरात जुनी गाडी असेल किंवा ती 'रिस्टोअर' करून घ्यायचं डोक्यात असेल, तर शेवटपर्यंत वाचा.)

गॅरेजवाल्याने बिलासाठी अडवून ठेवलेली गाडी मालकाने रात्री डुप्लिकेट चावीने काढून नेली, तर ती चोरी होते का?

बहुतेक जण म्हणतील, गाडी माझी, आरसी बुक माझ्या नावावर, मग चोरी कसली? पण कायद्याचं उत्तर आहे: होऊ शकते. आणि हे उत्तर १८६० सालचं आहे, म्हणजे जगात मोटारगाडी यायच्याही आधीचं.

मेकॉलेच्या मसुद्यातून आलेल्या भारतीय दंड संहितेत चोरीचं कलम होतं ३७८. त्याखाली समजावून सांगायला उदाहरणं दिली होती. त्यातली दोन घड्याळाची. एक माणूस घड्याळ दुरुस्तीला देतो. त्याच्याकडे दुकानदाराचं काही देणं नाही. तो उघडपणे दुकानात शिरतो आणि आपलं घड्याळ दुकानदाराच्या हातातून हिसकावून नेतो. ही चोरी नाही (मारहाण किंवा घुसखोरीचा गुन्हा होईल, ते वेगळं). पण त्याच माणसाकडे दुरुस्तीचे पैसे थकलेत, दुकानदाराने त्या पैशांसाठी घड्याळ कायदेशीरपणे अडवून ठेवलंय, आणि त्याची ती हमी बुडवायच्या हेतूने मालकाने घड्याळ उचललं, तर ती चोरी. घड्याळ स्वतःचं असलं तरी! आज दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, चोरी कलम ३०३ मध्ये गेली, पण तत्त्व तेच आहे: चोरी मालकीची नाही, ताब्याची होते.

मालक-गॅरेज भांडणाचं मूळ इथेच आहे. मालकाकडे कागद असतो, गॅरेजवाल्याकडे गाडी असते.

हिरा, कोट आणि जहाज

कारागिराचा हा हक्क आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्यात कलम १७० म्हणून आला. वकील मंडळी त्याला लिअन किंवा धारणाधिकार म्हणतात. साधा अर्थ: वस्तूवर मेहनत किंवा कौशल्य लावून काम केलं असेल, तर योग्य मोबदला मिळेपर्यंत कारागीर ती वस्तू ठेवून घेऊ शकतो. इथेही दोन उदाहरणं आहेत. जवाहिऱ्याने हिऱ्याला पैलू पाडून दिले, तर पैसे मिळेपर्यंत हिरा त्याच्याकडे राहील. पण शिंप्याने 'कोट शिवून झाला की लगेच देतो, पैसे तीन महिन्यांनी द्या' असं कबूल केलं असेल, तर त्याला कोट अडवता येणार नाही.

या उदाहरणांतली कामं बघा. हिरा, कोट, घड्याळ. सगळी थोड्या दिवसांची, किंमत आधी सांगता येईल अशी. कायदा या कामांच्या मापाने शिवला गेला.

आता आणखी एक जुनी गोष्ट, कारण आजही गॅरेजवाले हेच करतात. इंग्लंडमध्ये 'ब्रिटिश एम्पायर' नावाचं जहाज दुरुस्तीला गोदीत होतं. बिलावरून वाद झाला. गोदीवाल्याने जहाज अडवलं आणि सांगितलं की आता जागेचं रोजचं भाडंही लागेल. मालकाने निषेध नोंदवून पैसे भरले, जहाज सोडवलं आणि मग दावा ठोकला. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. १८६० मध्येच निकाल लागला: तुम्ही जहाज स्वतःच्या फायद्यासाठी अडवलं होतं, त्याचं भाडं मालकाकडून कसलं मागता? म्हणजे अडवून ठेवायचा हक्क आहे, अडवण्याचं भाडं लावायचा नाही. 'गाडी सहा महिने पडून आहे, रोजचे एवढे पार्किंगचे' हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा. निकाल इंग्लंडचा आहे, आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही. पण आपल्या कलम १७० मध्येही मोबदला म्हटलाय तो कामाचा.

मोटार आली

मोटारगाड्या रस्त्यावर आल्या आणि हीच जुनी भांडणं चाकांवर आली. १९१५ च्या इंग्लिश निकालपत्रांत एक खटला आहे. एका मालकाने ठरावीक वार्षिक रकमेत गाडीची सगळी देखभाल एका कंपनीकडे दिली होती. पैसे थकले, कंपनीने गाडी अडवली. न्यायाधीश म्हणाले, तुम्ही गाडी 'राखली', 'सुधारली' नाही, म्हणून तुम्हाला हा हक्क नाही. शिवाय गाडी मालक हवी तेव्हा बाहेर नेत होता, मग तुमचा ताबा कुठला? १९२८ च्या दुसऱ्या खटल्यात टॅक्सी होत्या. दिवसा धंद्यावर जायच्या, रात्री गॅरेजला परत यायच्या. तिथे मात्र तसं ठरलेलंच होतं म्हणून गॅरेजवाल्याचा हक्क टिकला.

तर मुद्दा असा की दुरुस्तीची भांडणं कोर्टांनी बऱ्यापैकी मार्गी लावली. रिस्टोरेशन आलं तेव्हा गणित बिघडलं.

जुन्या गाड्या जपणं हा आधी हौशी लोकांचा खेळ होता. इंग्लंडमध्ये व्हेटरन कार क्लब १९३० मध्ये निघाला, अमेरिकेतला अँटिक ऑटोमोबाइल क्लब १९३५ मध्ये. आपल्याकडे दिल्लीची स्टेट्समन रॅली १९६४ पासूनची. हौस होती तोवर भांडणं चहावर मिटत होती. १९८० च्या दशकाच्या शेवटी किमती भडकल्या आणि जुनी गाडी ही गुंतवणूक झाली. २०१८ मध्ये एक फेरारी २५० जीटीओ लिलावात ४.८४ कोटी डॉलरला गेली. एवढा पैसा आला की 'अस्सल' या शब्दावर कोर्टकचेरी होणारच.

त्यातला गाजलेला खटला 'ओल्ड नंबर वन' बेंटलीचा. या गाडीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मान्सची शर्यत जिंकली. पुढे १९३२ मध्ये ब्रुकलँड्सला अपघात झाला, चालक क्लाइव्ह डन्फी गेला. गाडी पुन्हा बांधली गेली. अनेक दशकांत चेसिस, इंजिन, बॉडी सगळं बदलत गेलं. १९९० मध्ये तिचा एक कोटी पौंडांचा सौदा झाला आणि घेणारा म्हणाला, ही ती गाडीच नाही, पैसे देणार नाही. न्यायमूर्ती ऑटन यांनी पुरावे तपासले. १९२९ सालचं त्यात जवळपास काही उरलं नव्हतं. तरीही निकाल विकणाऱ्याच्या बाजूने गेला, कारण गाडीचा इतिहास सलग होता. ती मधेच मोडीत निघाली आणि कुणी दुसरी बनवली, असं कधी झालं नव्हतं. थोडक्यात, गाडीचं अस्सलपण पत्र्यात नव्हतं, नोंदींत होतं.

अमेरिकेने काय केलं

१९४१ मध्ये रीडर्स डायजेस्टने एक प्रयोग केला. चांगल्या गाडीची इग्निशन कॉइलची एक वायर मुद्दाम सैल करून देशभरातल्या ३४७ गॅरेजांत नेली. कुठल्याही मेकॅनिकला बॉनेट उघडताच दिसेल अशी गोष्ट. ६३ टक्के गॅरेजांनी काहीतरी गडबड केली: जास्त पैसे लावले, नसलेलं काम काढलं किंवा न केलेल्या कामाचं बिल दिलं. बोभाटा झाला, पण कायदा यायला तीस वर्षं गेली. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियाने ऑटोमोटिव्ह रिपेअर ॲक्ट केला आणि देखरेखीसाठी वेगळा ब्युरो नेमला. नियम साधे: कामाआधी लेखी एस्टिमेट. खर्च त्याच्यावर जाणार असेल तर आधी ग्राहकाची परवानगी. ग्राहकाने मागितले तर काढलेले जुने पार्ट परत. १९९२ मध्ये या ब्युरोने वेश बदलून तपास केला आणि सीअर्ससारख्या बलाढ्य साखळीला धरलं. गरज नसलेली कामं ग्राहकाच्या गळ्यात मारली जात होती, आणि कर्मचाऱ्यांचं कमिशन त्यावर ठरत होतं.

तिथेही रिस्टोरेशनची भांडणं संपली नाहीत. पण भांडायला कागद तरी हातात आला.

आणि आपण?

आपल्याकडे असा वेगळा गॅरेज कायदा नाही. आहे तो १८७२ चा, हिरा आणि कोटाचा. त्यात आपण पन्नास वर्षांची फियाट नेऊन बसवतो. गाडी खोलली, रंग खरवडला की लांबीखालचा गंज दिसतो, फ्लोअर गेलेला असतो. तोंडी सांगितलेला आकडा दुप्पट होतो. मालकाला वाटतं फसवलं. फिटर म्हणतो, आत काय निघेल हे मला काय स्वप्नात दिसणार होतं? दोघंही आपापल्या जागी खरे असू शकतात. मग ॲडव्हान्स संपतो, काम थांबतं, मालक फोनवर आवाज चढवतो, इकडून फोन उचलणं बंद होतं. पोलिसात गेलं की 'दिवाणी मॅटर आहे' हे ठरलेलं उत्तर. काही वेळा विश्वासघाताचा गुन्हा दाखल होतो, पण गाडी मात्र तशीच, दारं एकीकडे, इंजिन दुसरीकडे.

गॅरेजवाल्याची बाजूही ऐका. पैसे संपले की गायब होणारे मालक असतात. सांगाडा वर्षानुवर्षं जागा अडवून बसतो. कलम १७० गाडी ठेवून घ्यायचा हक्क देतं, विकून पैसे वसूल करायचा देत नाही. म्हणजे त्याच्याही गळ्यात धोंडच.

त्यात २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी शेल, इंजिनात मोठा फेरफार नको. त्यामुळे 'साहेब, डिझेल इंजिन टाकून देतो, टेन्शन नाही' असा विलीज जीपला मिळणारा दिलदार सल्ला आता थेट नोंदणीच्या मुळावर येऊ शकतो.

म्हणून, कायदा येईल तेव्हा येईल, कॅलिफोर्नियाचा कागद आपणच करायचा:

१. गाडी देताना चेसिस आणि इंजिन नंबरसह सगळ्या बाजूंचे फोटो, सुट्या वस्तूंची यादी, दोघांच्या सह्या.
२. एकरकमी आकडा नको, टप्पे करा: खोलणं, पत्राकाम, इंजिन, रंग, सीटकाम. टप्पा बघून पैसे.
३. एस्टिमेटच्या वर जायचं असेल तर आधी लेखी होकार. व्हॉट्सॲपवर का होईना.
४. काढलेले पार्ट परत मागा.
५. काम थांबलं तर गाडी कोणत्या अटींवर परत मिळेल, हे सुरुवातीलाच लिहा. शिंप्याचं उदाहरण आठवा: आधी काय कबूल केलं यावर अडवायचा हक्क ठरतो.
६. बिल घ्याच. २०१९ च्या ग्राहक कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. तक्रारीची मुदत मात्र दोन वर्षांची. 'पुढच्या महिन्यात देतो' ऐकत बसलात तर ती निघून जाते.

आणि मागणी एवढीच की मोठ्या कामासाठी लेखी एस्टिमेट सक्तीचं करावं. यात चांगल्या गॅरेजचं काही बिघडत नाही, उलट त्याचं रक्षणच होतं. कागद नसला की नुकसान प्रामाणिक मालकाचं होतं आणि प्रामाणिक कारागिराचंही. लबाडाचं दोन्हीकडे फावतं.

अनुभव असेल तर खाली लिहा. गॅरेजचं नाव नको, काय लिहून घेतलं होतं आणि काय राहिलं होतं ते सांगा. पुढच्याला त्याचा उपयोग होईल.