न्या. फझल अली यांची भिन्नमते

हिंदुस्थानातील अपिले लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे चालत, त्या काळात तेथील न्यायाधीशांत मतभेद झाला तरी तो बाहेर येत नसे. निकाल म्हणजे राजाला दिलेला सल्ला आणि सल्ला एकच असावा, असा संकेत होता. १९४९ मध्ये ही अपिले बंद झाली. १९५० च्या राज्यघटनेने मात्र अनुच्छेद १४५ मध्ये स्पष्ट केले की निकाल बहुमताने होईल, परंतु असहमत न्यायाधीशाला भिन्नमत देण्यास आडकाठी राहणार नाही. या तरतुदीचे मोल पहिल्याच वर्षी न्या. सय्यद फझल अली यांच्या निकालपत्रांतून दिसले.

फझल अली (१८८६-१९५९) मूळचे बिहारचे. पाटणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश व नंतर फेडरल कोर्टाचे न्यायाधीश अशी त्यांची वाटचाल. २८ जानेवारी १९५० रोजी संसद भवनातील नरेंद्र मंडळाच्या दालनात सर्वोच्च न्यायालय सुरू झाले, तेव्हा सरन्यायाधीश हरिलाल कानिया धरून सहा न्यायाधीश होते. त्यांत ते एक.

कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी आपल्या स्थानबद्धतेला आव्हान दिले. अर्ज सहाही न्यायाधीशांपुढे चालला. १९ मे १९५० रोजी निकाल लागला. स्थानबद्धतेची कारणे न्यायालयालाही सांगू नयेत, असे म्हणणारे कलम १४ रद्द झाले. बाकीचा कायदा टिकला. अनुच्छेद २१ मधील ‘कायदा’ म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदा, त्यातील कार्यपद्धती न्याय्य आहे की नाही हे न्यायालयाने पाहावयाचे नाही, अशी बहुमताची भूमिका होती. मूलभूत हक्कांचे अनुच्छेदही परस्परांपासून वेगळे मानले गेले. फझल अलींना हे पटले नाही. हे हक्क एकमेकांत गुंतलेले आहेत आणि कार्यपद्धतीत नोटीस, बाजू मांडण्याची संधी, निःपक्षपाती न्यायाधिकरण व सुसूत्र प्रक्रिया या चार गोष्टी असल्याच पाहिजेत, असे त्यांनी लिहिले. न्या. मेहरचंद महाजन यांनीही भिन्नमत दिले, पण ते वेगळ्या मुद्द्यावर.

यावरून त्यांना सरसकट स्वातंत्र्याचा कैवारी ठरवणे घाईचे होईल. आठवड्याभरातच, २६ मे रोजी, मुंबईच्या ‘क्रॉसरोड्स’ साप्ताहिकावरील मद्रास सरकारची बंदी न्यायालयाने उठवली. तेथे फझल अली एकटेच सरकारच्या बाजूने राहिले. सार्वजनिक सुव्यवस्था बिघडली की राज्याची सुरक्षितताही धोक्यात येते, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरील निर्बंधांत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे शब्द घातले. हे भिन्नमत असे वर्षभरात फळाला आले.

गोपालन प्रकरणातील मताला मात्र बराच काळ लागला. मोठ्या पीठाचा निकाल लहान पीठाला मोडता येत नाही, हेही त्याचे एक कारण. १९७० मध्ये बँक राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात अकरा न्यायाधीशांनी हक्कांचे ते जुने कप्पे नाकारले. तरीही आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येणार नाही असा चार विरुद्ध एक निकाल लागलाच; तेथे एकटे पडले न्या. हंसराज खन्ना. कार्यपद्धती न्याय्य व वाजवी हवी, हे मनेका गांधी यांच्या पासपोर्ट प्रकरणात सात जणांच्या पीठाने २५ जानेवारी १९७८ रोजी मान्य केले. १९७६ चा निकाल औपचारिकरीत्या मोडीत निघायला २०१७ साल उजाडले.

सीमाभागाला फझल अली माहीत आहेत ते राज्य पुनर्रचना आयोगाचे (१९५३-५५) अध्यक्ष म्हणून. बिहारशी जुना संबंध असल्याने त्या राज्याच्या सीमावादांच्या निर्णयात त्यांनी भाग घेतला नाही. हिमाचल प्रदेश पंजाबात विलीन करावा, असे दोन्ही सहकाऱ्यांचे मत होते. अध्यक्षांनी वेगळी टिपण लिहिली आणि हिमाचल स्वतंत्र राहिला. बेळगावच्या बाबतीत असे काही घडले नाही. चंदगड तालुका मुंबईकडे आणि उरलेला जिल्हा कर्नाटकाकडे, ही शिफारस आयोगाची म्हणूनच गेली. त्या सीमेविषयी महाराष्ट्राने २००४ मध्ये दावा दाखल केला तो सर्वोच्च न्यायालयातच. कारण राज्याराज्यांतील असे वाद थेट ऐकण्याचा अधिकार अनुच्छेद १३१ ने केवळ त्याच न्यायालयाला दिलेला आहे.