कॅराव्हॅनमधील ओल (बुऱ्हाणपूर परिसर)

कॅराव्हॅन म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली चाकांवरची खोली. वापर नसताना ती महिनोन्महिने एका जागी उभी राहते. त्या काळात तिच्या पत्र्यावर, प्लायवूडमध्ये, गाद्यांत आणि कपाटांत जे पाणी साठते, त्याला या नोंदीत ओल म्हटले आहे. ओलीमुळे कुबट वास येतो, बुरशी धरते, प्लायवूडचे थर सुटतात, स्क्रू गंजतात आणि चौकटीचे लाकूड आतून कुजते. यातले शेवटचे नुकसान सर्वांत महागात पडते आणि सर्वांत उशिरा दिसते.

या विषयावरचा बहुतेक सल्ला युरोपातून आलेला आहे. तिथे कॅराव्हॅन ऑक्टोबरच्या सुमारास उभी करतात आणि मार्च-एप्रिलात बाहेर काढतात. ओलीचा मोसम हिवाळा, उपाय म्हणजे खिडक्यांच्या फटी उघड्या ठेवणे. तिथल्या थंडीत बाहेरच्या हवेत पाणीच थोडे असते, त्यामुळे ती हवा आत खेळली की गाडी कोरडी राहते. बुऱ्हाणपुरात हे पंचांग उलटे आहे. तापीच्या उत्तर तीरावरच्या या शहरात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. हिवाळा कोरडा असतो आणि फिरण्याचा खरा हंगाम तोच. म्हणून इथे गाडी उभी राहते ती मृगापासून दसऱ्यापर्यंत. श्रावणातल्या झडीत बाहेरची हवाच नव्वद टक्के दमट असते, तेव्हा फटी उघड्या ठेवून गाडी सुकत नाही. 'हवा खेळती ठेवा' हा सल्ला चूक नाही, पण बुऱ्हाणपुरात तो अर्धाच आहे. केव्हा खेळती ठेवायची, हे त्यात सांगितलेले नसते.

मोसम पाहून गाडी उभी करण्याची रीत या शहराला जुनी आहे. सुरत-आग्रा मार्गावरचे बुऱ्हाणपूर हे मोठे ठाणे. इंग्लंडचा राजदूत सर टॉमस रो सुरतेहून निघून १६१५ च्या नोव्हेंबरात इथे पोचला आणि शाहजादा परवेझला भेटला. नोव्हेंबर हा काफिल्यांच्या सोयीचा महिना, कारण नद्या उतरलेल्या असतात आणि काळी माती चाक धरेल इतकी घट्ट झालेली असते. शहरातली अकबरी सराय त्या वर्दळीची आठवण म्हणून उभी आहे. खानदेश-निमाडातल्या शेतकऱ्याची दमणी आणि बैलगाडी यांचेही तेच. पावसाळ्यात गाडी चिखलात उभी राहू नये म्हणून चाकांखाली दगड किंवा फळकुटे सरकवत आणि दमणीचे छत उतरवून माळ्यावर टाकत. उन्हाळ्यात मात्र याच चाकांचे लाकूड आटते, लोखंडी धाव सैल पडते आणि चाक पाण्यात भिजत घालावे लागते. लाकूड हवेतले पाणी घेते आणि देते, आणि त्यासोबत फुगते-आटते, हे गाडीवानाला पुस्तकावाचून ठाऊक होते. आजच्या कॅराव्हॅनची चौकट आणि प्लायवूड तेच करतात. फरक इतकाच की ते पत्र्याआड झाकलेले असतात, म्हणून दिसत नाहीत.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून हा शब्द वर्तमानपत्रांत रुळला. गाडीत संसार आणि व्यवसाय थाटण्याची रीत मात्र मराठी मुलखाला नवी नाही. तमाशाचे मोठे फड दसऱ्याला बाहेर पडतात, उन्हाळ्याअखेर परततात आणि पावसाळाभर ट्रक, कनाती, पेटारे सांभाळत बसतात. फिरत्या टॉकीजचेही तसेच. २०१६ साली कान महोत्सवात दाखवलेला शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट महाराष्ट्रातल्या याच टॉकीजवाल्यांवर आहे. ट्रकमध्ये ठेवलेल्या फिल्मच्या रिळांना उष्णता आणि दमटपणा एकत्र मिळाला की फिल्मचा ॲसिटेट पाया विघटन पावतो आणि डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो वास आला की रीळ पूर्ववत होत नाही. कनातीचे सुती कापड ओले असताना घडी घातले, तर काही दिवसांत त्यावर काळे ठिपके येतात आणि ते धुऊन जात नाहीत. कॅराव्हॅनमालकाने ओलीचे शिक्षण घ्यायचे, तर एखाद्या फडाच्या सामानाची राखण करणाऱ्याकडे जावे.

पाणी गाडीत तीन वाटांनी येते. पहिली वाट गळतीची आणि सर्वाधिक नुकसान तिचेच. मे महिन्यात बुऱ्हाणपूरचा पारा चाळिशीच्या बराच वर जातो. छताच्या सांध्यांतले सीलंट आणि खिडक्यांचे रबर त्या उन्हात कडक होऊन तडकते. तडा पडतो मेमध्ये, पाणी शिरते जूनमध्ये आणि डाग दिसतो ऑगस्टमध्ये, तोही भलत्याच ठिकाणी, कारण पाणी चौकटीच्या आधाराने वाहत जाऊन दुसरीकडे उतरते. तपासणीची वेळ म्हणून मृगाआधीची. दोघांनी मिळून काम करावे. एकाने छतावर नळीने पाणी सोडावे, खालून वर, एकेक सांधा, प्रत्येकावर पाचेक मिनिटे. दुसऱ्याने आत बसून बोटांनी कोपरे चाचपावेत. मग आतल्या भिंती बोटाच्या पेराने ठोकत जावे. कोरडे प्लायवूड टणक वाजते, ओले बद्द वाजते आणि अंगठ्याखाली किंचित दबते. लाकडातील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांवर राहिले की कूज सुरू होऊ शकते. सुतारांकडे आता मिळणारा ओलमापक हे दाखवतो, पण ठोकून ऐकणारा कान त्याच्या फार मागे नसतो.

दुसरी वाट जमिनीची आणि तिच्याकडे सर्वांचे दुर्लक्ष होते. या भागातली कापसाची काळी माती पाणी धरून फुगते आणि पाऊस थांबल्यावरही कितीतरी दिवस वाफ सोडत राहते. ती वाफ गाडीच्या तळाला लागते. बाजूंनी ताडपत्री जमिनीपर्यंत सोडली असेल, तर तळाखाली ओलीची कोठीच तयार होते. गाडी मुरूम टाकलेल्या किंवा फरशी केलेल्या उंचवट्यावर उभी करावी, चाके फळ्यांवर घ्यावीत, पुढची बाजू किंचित उंच ठेवावी म्हणजे छतावरचे पाणी साचत नाही. मातीवरच उभी करणे भाग असेल, तर खाली जाड प्लास्टिक अंथरून त्यावर मुरूम पसरावा. तापी आणि तिला मिळणारी उतावळी यांच्या काठची जागा घेऊ नये, मग ती कितीही स्वस्त असो.

तिसरी वाट हवेची. ३२ अंश तापमानाच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात मावते, १४ अंशांना १२ ग्रॅमच. चार मीटर लांब, दोन मीटर रुंद, दोन मीटर उंच गाडीत १६ घनमीटर हवा असते. कार्तिकातल्या एखाद्या दिवशी बंद गाडी उन्हाने ३२ अंशांपर्यंत तापली, आतल्या दमट गादीमुळे आर्द्रता ६० टक्के राहिली आणि रात्री पत्रा १४ अंशांपर्यंत गार झाला, तर सुमारे १३० ग्रॅम पाणी छताखाली दहिवरासारखे धरते. एक कप चहाइतके हे पाणी. सकाळी ते टपकते, दुपारी पुन्हा वाफ होते, रात्री पुन्हा धरते. गादी ओली आहे तोवर हा फेरा थांबत नाही. हिवाळा कोरडा असूनही हिवाळ्यात बंद गाडी घामेजते ती यामुळे, पावसाळ्यातली ओल आत कोंडून दार लावल्यामुळे.

गादीचे महत्त्व बुऱ्हाणपुरात वेगळे सांगायला नको. इथे यंत्रमाग चालतात आणि सूत दमट असेल तर ताणा कमी तुटतो हे मागवाल्याला रोज दिसते. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेतही कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी धरून ठेवतो. दहा किलो कोरड्या कापसाच्या गादीत म्हणजे साडेआठशे ग्रॅम पाणी, आणि झडीच्या दिवसांत त्याहून बरेच जास्त. हात लावून ती कोरडीच वाटते. म्हणून गाद्या, उशा, पडदे, सतरंज्या पावसाळ्यापूर्वी घरात न्याव्यात. जागा नसेल तर गाद्या गाडीतच उभ्या, भिंतीपासून वीतभर दूर ठेवाव्यात. कपाटांची दारे आणि फ्रिजचे दार उघडे, पाण्याची टाकी रिकामी, कडधान्य-मसाले-कागद बाहेर.

आता हवा केव्हा खेळवायची. पाऊस उघडला, दुपारी ऊन पडले आणि हवा जरा हलकी झाली की दोन-तीन तास दारे-खिडक्या सताड उघडाव्यात आणि सूर्य कलण्याआधी बंद कराव्यात. झड लागलेली असताना उघडू नयेत. छताचे आणि तळाचे लहान झरोके मात्र कायम मोकळे हवेत, बारीक जाळी लावून. जाळी नसेल तर कुंभारीण माशी मातीचे घरटे करून झरोका बुजवते. गॅसच्या बर्नरचे बारीक छिद्रही ती सोडत नाही.

उघडीप खरी की वरवरची, हे ओळखायला साधा उपाय आहे. बशीत चमचाभर मीठ पसरून गाडीत ठेवावे. शुद्ध मीठ ७५ टक्के आर्द्रतेला पाझरू लागते, खडेमीठ थोडे आधीच, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. दार उघडल्यावर बशीत पाणी दिसले तर गाडी बुरशीच्या पट्ट्यात आहे असे समजावे. बुरशी साधारण ८० टक्क्यांच्या वर झपाट्याने वाढते आणि ६५ च्या खाली बहुधा थांबते. मीठ मोकळे असेल तर त्या दिवशी काही करण्याची गरज नाही. घराघरातल्या बायका पापडाचा डबा उघडून, पापड सादळला की नाही हे बघून हेच मोजमाप घेत आल्या आहेत.

शोषकांबद्दल बराच गैरसमज आहे. कडुनिंबाचा पाला आणि डांबरगोळ्या कसर-किडे दूर ठेवतात, पाणी शोषत नाहीत. कोळसा वास घेतो, ओल फारशी घेत नाही. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश पाणी घेते आणि तापवल्यावर पुन्हा वापरता येते. ते बंद पेटीत, कॅमेऱ्यासाठी किंवा कागदपत्रांसाठी उत्तम, पण अख्ख्या गाडीला पुरत नाही. कॅल्शियम क्लोराइड जास्त पाणी ओढते आणि स्वतः विरघळून त्याचे खारे पाणी होते. ते पाणी सांडले तर लोखंड खाते, म्हणून खोलगट भांडे हवे. चुनकळी ठेवू नये. पाणी लागताच ती तापते आणि गळतीच्या गाडीत ते धोक्याचे आहे.

गाडी सुकवायला आत गॅसची शेगडी पेटवणे ही चूक वारंवार होते. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. सुकवण्याऐवजी आपण ओल भरत असतो. कोळशाची शेगडी त्याहून वाईट, कारण बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचून माणूस झोपेतच मरू शकतो. वीज असेल तर जुन्या घरांत कपाटात दिवा लावून ठेवत तो उपाय चालतो. हवा पाच अंशांनी तापली, २५ वरून ३० वर गेली, की ९० टक्क्यांची आर्द्रता ६८ वर येते, एक थेंबही बाहेर न काढता. दिवा तापणारा, जुन्या तारेचा हवा. एलईडी पुरेसा तापत नाही. आणि तो कापडापासून हातभर दूर टांगावा.

गाडीवर थेट ताडपत्री बांधणे सर्वांना सोपे वाटते, पण पत्रा आणि ताडपत्री यांच्यामध्ये अडकलेले पाणी सुकत नाही आणि वाऱ्याने फडफडणारी ताडपत्री रंग घासून काढते. चारी बाजूंनी मोकळी पत्र्याची शेड सर्वांत चांगली. तेवढी सोय नसेल तर बांबूचा सांगाडा करून ताडपत्री छतापासून हातभर वर ताणावी.

मुक्काम संपतो दसऱ्याला. त्याआधी भाद्रपद-आश्विनात जे कडक ऊन पडते, त्यात घरोघरी ठेवणीचे कपडे आणि अंथरुणे बाहेर काढतात. गाडीलाही तीच उन्हे दाखवायची. गाद्यांखालच्या फळ्या, कप्पे, तळावरचे झाकण सर्व सुटे करून अंगणात मांडावे आणि सलग तीन-चार दिवस उलटसुलट करावे. पूजेसाठी गाडी धुताना फवाऱ्याचे तोंड छताच्या सांध्यांकडे आणि झरोक्यांकडे करू नये. धुतल्यावर दारे दिवसभर उघडी ठेवावीत आणि गाद्या दुसऱ्या दिवशी, मिठाची बशी कोरडी दिसल्यावरच, परत आत घ्याव्यात.