फिरतें आमिष आणि नगरच्या नद्या

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींचा अहमदनगर जिल्हा, म्हटला कीं दुष्काळ डोळ्यांपुढें येतो. मासळी येत नाहीं. तथापि गोदावरी, प्रवरा, मुळा, घोड आणि भीमा ह्या नद्या त्याच्या अंगावरून वा सीमेवरून वाहतात. त्यांतील शिकारी माशांना गळास लावण्याच्या विद्येचा इतिहास आज थोडक्यांत पाहूं.

ही विद्या दख्खनला नवी नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्यानें इ. स. ११३० च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत मत्स्यविनोदाचें स्वतंत्र प्रकरण आहे. कोणत्या माशास कोणतें खाद्य दाखवावें, ह्याचा विचार त्यांत केला आहे. आमिष निवडावयाचें तें माशाचा स्वभाव पाहून, हें मर्म तेव्हांच उमगलें होतें.

धातूचें फिरतें आमिष मात्र बाहेरून आलें. अमेरिकेंत ज्युलिओ ब्यूएल ह्यानें १८५२ सालीं अशा आमिषाचें पेटंट घेतलें. मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस ह्याच्या 'द रॉड इन इंडिया' (१८७३) ह्या पुस्तकानें महसीराची शिकार हिंदुस्थानांतील गोऱ्या अंमलदारांत लोकप्रिय केली.

पुढें ह्याच कुळांत दोन आमिषें निपजलीं. पहिल्यांत सेफ्टीपिनेसारखी वाकविलेली तार असते. एका टोंकास शिशाचें डोकें, गळ व झालर, दुसऱ्या टोंकास फिरतें पातें. पातें चकाकतें आणि पाणी थरारवितें. माशाच्या कुशीवरील संवेदनरेषा तो कंप टिपते. म्हणून गढूळ पाण्यांत गोल पातें लावून सावकाश ओढावें. निवळ पाण्यांत लांबट पातें लावून जलद ओढावें. दुसरें आमिष पृष्ठभागावर खळखळ करीत येतें. ओढणें थांबतांच तें बुडतें, म्हणून हात थांबवूं नये. पहाटे किंवा सांजवेळीं, पाणवनस्पतींच्या कडेनें तें मरळ माशास भुलवितें. कारण हवा घेण्यासाठीं मरळ वर येतच असतो. मात्र झडप दिसतांच हिसका देऊं नये. माशाचें वजन हाताला लागूं द्यावें.

पण मासा कोठें व कसा राहतो, हें ज्ञान येथलेंच होतें. कर्नल साइक्स ह्यानें १८२४ ते १८३१ ह्या काळांत मुंबई सरकारच्या नोकरींत दख्खन पालथें घातलें आणि येथील माशांचें शास्त्रीय वर्णन केलें. घोड नदीवरील शिरूर व भीमेवरील पेडगांव येथील मासेही त्यांत आहेत. 'खुद्री', 'मुसुल्ला', 'ताकरी' हीं देशी नांवें त्यानें लॅटिन नामावलींत तशींच ठेविलीं. तीं ज्यांच्या तोंडीं होतीं, त्या कोळी-भोयांचीं नांवें मात्र कोणीं नोंदविलीं नाहींत.

१९२६ सालीं प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें. पुढें मुळेवरही झालें. शेतीला पाणी मिळालें, हा उपकार मोठाच. परंतु महसीराला वाहतें, स्वच्छ पाणी आणि दगडगोट्यांचा तळ लागतो. संथ, गवताळ पाणी मरळाला मानवतें. नदी बदलली कीं मासा बदलतो, आणि माशाबरोबर आमिषही. लोणावळ्यास टाटांच्या केंद्रांत १९७० च्या दशकापासून महसीराची पैदास करण्यांत आली, ती ह्याच उणिवेपोटीं.

तेव्हां पातें विकत घेण्यापूर्वीं नदी ओळखावी. आणि पावसाळ्यांत, मासे विणीवर असतां, काठी भिंतीशीं टेकवून ठेवावी. नाहीं तर आमिषें उरतील, त्यांना भुलणारा मासा उरणार नाहीं.