डाग, तारीख आणि आपली वही



गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. आवाज एकदम हळू. "मावशी, तारीख उलटून तीन दिवस झाले आणि आज नुसता डाग दिसला. पाळीच समजू ना? परवा आयंबिल करायचंय." मी तिला म्हटलं, "आधी तपासणी कर, मग आयंबिलाचं बघू." फोन ठेवला आणि माझे हात गार पडले. कारण हाच प्रश्न १९८३ साली माझ्यासमोर होता, आणि विचारायला कोणी नव्हतं.

लग्न होऊन मी सोयगावात आले त्याला वर्ष झालं होतं. बी.कॉम. झालेली सून म्हणून दुकानाच्या वह्या माझ्याकडे असत. दोन पैशांचा फरक आला तरी रात्री जागून शोधायचे. पण स्वतःच्या पाळीची तारीख मात्र कुठेच लिहिलेली नव्हती. श्रावणात काही दिवस उशिरा तपकिरी डाग दिसला, दीड दिवसात थांबला. घरात एकच प्रश्न होता, "बाजूला बसायचं का?" मी तीन दिवस बसले, चौथ्या दिवशी न्हाले, विषय संपला. पर्युषणात अठ्ठाई धरली. पाचव्या उपवासाला ओटीपोटात एका बाजूला कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली. सगळे म्हणाले, तपाची अशक्ती आहे. फक्त मोठ्या जाऊबाईंनी विचारलं, "तुझी मागची पाळी नीट झाली होती का गं?" त्या प्रश्नानेच मी वाचले. भर पावसात जीपने जळगाव गाठलं. गर्भ नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. धाकट्या दिरांनी रक्त दिलं. एक नळी गेली, जीव राहिला. पुढे दोन मुलं झाली ही धर्माची कृपा.

उपवासाने हे झालं नव्हतं, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं. पण ज्याला मी पाळी समजले ती पाळी नव्हती.

त्यानंतर मी हा विषय वाचत गेले. गर्भाची पहिली खूण कोणती, हा प्रश्न फार जुना आहे. आपल्या आगमात त्रिशलामातेची स्वप्नं येतात. श्वेतांबर चौदा मानतात, दिगंबर सोळा. सोयगावजवळच्या अजिंठ्याला, दोन नंबरच्या लेण्यात, बुद्धांची आई मायादेवी हिच्या स्वप्नाचं चित्र आहे. ही झाली थोरांची गोष्ट. साध्या बाईच्या खुणा सुश्रुतसंहितेत सांगितल्या आहेत : थकवा, ग्लानी, तहान, मांड्या गळून जाणं. आपला 'डोहाळे' हा शब्दही जुन्या 'दोहद' शब्दातून आला.

आणि आपले पूर्वज दिवस मोजत होते बरं का. तंदुलवैचारिक या आगमग्रंथात जीव गर्भात २७७॥ दिवस राहतो असं म्हटलं आहे. कल्पसूत्रात महावीरस्वामींचा जन्म नऊ महिने साडेसात दिवसांनी सांगितला आहे. गुणाकार करून बघा, हिशोब तोच येतो. आजचे डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस धरतात. म्हणजे तारीख लिहिणं ही काही परकी रीत नाही.

कल्पसूत्रातली आणखी एक गोष्ट आठवा. आईला त्रास नको म्हणून प्रभू गर्भात निश्चल झाले, तेव्हा त्रिशलामाता घाबरली. पण ती गप्प बसली नाही, तिने बोलून दाखवलं. सगळं राजघर तिच्या चिंतेत सामील झालं. आपण ही गोष्ट दरवर्षी ऐकतो आणि घरातल्या सुनेला मात्र "असलं बोलू नये" म्हणतो.

न बोलण्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या, बाळ दहाच दिवस जगलं. त्या अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि त्यांचा प्रबंध प्रसूतिशास्त्रावरच होता. पुढच्याच वर्षी, बावीस वर्षंही पूर्ण झाली नसताना, त्या गेल्या. १८८६ मध्येच मुंबईत बायकांसाठी कामा हॉस्पिटल उघडलं. १९२७ पासून र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकातून शरीराबद्दल उघड लिहिलं, त्यासाठी खटले सोसले.

तपासणीचा इतिहास तर आपल्याला विचार करायला लावणारा आहे. १९२८ च्या सुमारास बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांनी बाईची लघवी उंदरांच्या माद्यांना टोचून, त्यांना मारून, आतले बदल पाहण्याची पद्धत काढली. मग ससे आले. पुढे आफ्रिकेतली बेडकी आली. ती अंडी घालायची, तिला मारावं लागत नसे. १९६० मध्ये स्वीडनमध्ये प्रयोगशाळेतली चाचणी निघाली आणि प्रत्येक तपासणीसाठी प्राण्याला लघवी टोचण्याची गरज संपली. १९६७ मध्ये मार्गारेट क्रेन या अमेरिकन बाईने घरी करायच्या चाचणीचा नमुना बनवला. आज औषधाच्या दुकानात मिळणारी पट्टी त्याच वाटेने आली. लघवीत एचसीजी हे संप्रेरक आहे का, एवढंच ती सांगते.

आता कामाचं. गर्भ राहिल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांत काहींना गुलाबी किंवा तपकिरी डाग दिसतो, एक-दोन दिवसांत थांबतो. सगळ्यांना दिसत नाही. गोळ्या, कॉपर-टी, थायरॉइड, जंतुसंसर्ग, गाठी यांमुळेही मधेच डाग पडतो. नुसतं बघून कारण कळत नाही, मलाही नाही आणि तुमच्या सासूबाईंनाही नाही. तारीख चुकली, किंवा पाळी नेहमीपेक्षा फारच कमी गेली, तर सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी करा. नाही आली तर काही दिवसांनी परत करा. डागाबरोबर पोटात एका बाजूला कळ, खांद्यात दुखणं किंवा चक्कर असेल, तर त्याच वेळी दवाखाना. आणि माझ्या वयाच्या बहिणींनो, पाळी गेल्यानंतर एकदा जरी डाग दिसला तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

बाजूला बसायचं की नाही, हे प्रत्येकीने आपल्या श्रद्धेने ठरवावं. पण तो प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न जाऊबाईंचा. तो घरात कोणीतरी विचारलाच पाहिजे. तप धरण्याआधी तर नक्की.

भाचीची चाचणी दोन रेघांची आली. सोनोग्राफीत गर्भ जागेवर आहे. आयंबिल पुढच्या वर्षी.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आपण दुधाचा हिशोब लिहितो. त्याच्याच बाजूला एक छोटी फुली मारायला काय हरकत आहे?

काही कमी-जास्त लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.